वाचून पाहिला, बरोबर आहे

काही घटना आठवायच्या तर जुनी डायरी उघडावी लागते. ही घटना डायरी बंद असली तरी समोर येऊन बसते. नोकरीत मी काही बरे तपास केले. त्यातल्या दोन-तीनांचे सत्कारही झाले, आणि पाहुणे जेवायला आले की ते मी न विचारता सांगतो. हा तपास मात्र मी घरात कधीच सांगितला नाही. यात गुन्हेगार सापडला होता, पण सापडल्याची फुशारकी मारता येईल असा तो नव्हता.

यात नाव कुणाचंच देणार नाही. माझं देणं खरं तर गरजेचं होतं, पण तसं केलं तर बायको हे वाचेल.

त्या वेळी मी पुण्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हडपसर ओलांडून मांजरीकडे निघालं की आमची हद्द लागायची. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारती, आणि मधे उसाची रानं मोडून उभ्या राहिलेल्या सोसायट्या. अशा ठिकाणी गुन्हे सगळ्या प्रकारचे असतात आणि अपघात त्याहून जास्त. सकाळी अकरापर्यंत ठाण्यात पासपोर्टवाले, भाडेकरू पडताळणीवाले, मोबाइल हरवलेले, आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध अर्ज घेऊन आलेले निवृत्त लोक. आज मीही त्याच शेवटच्या रांगेतला.

अशाच एका सकाळी एक बाई आली. वय चाळिशीच्या आत-बाहेर. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. माझा एक आडाखा होता: कागदांची पिशवी छातीशी धरून येणारा माणूस खरा असतो, फाइल काखेत मारून येणारा वकिलाकडून शिकून आलेला असतो. हिने पिशवी छातीशी धरली होती.

"साहेब, अर्ज द्यायचाय."

"कुणाविरुद्ध?"

"ते तुम्ही शोधा. माझ्या मिस्टरांच्या कागदात कुणीतरी दारू लिहिली."

मी बसायला सांगितलं, चहा मागवला. हकिगत अशी होती. नवरा एका कारखान्यात फिटर. मूळचे यवतमाळकडचे, पंधरा वर्षांपासून मांजरीला. साधारण वर्षापूर्वी पहिली पाळी संपवून दुचाकीवरून घरी येताना रस्त्यावरच्या खडीवरून गाडी घसरली. कुणाची धडक नाही, काही नाही. डोक्यात हेल्मेट होतं, त्याचा पट्टा लावलेला नव्हता. चार दिवस एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात काढले आणि पाचव्या दिवशी सकाळी तो गेला. आरोग्य विमा होता, हप्ते वेळेवर भरलेले. तरी कंपनीने दावा नाकारला. कारण काय, तर अपघाताच्या वेळी तो मद्याच्या अमलाखाली होता, आणि असा अपघात पॉलिसीत वगळलेला आहे.

"मग बाई, पैशांसाठी तुम्हाला ग्राहक आयोगाकडे..."

"पैशांचं मी बघते." तिने मला मधेच तोडलं. "मी पैसे मागायला नाही आले. मला एवढंच शोधून द्या, ते पीत होते का?"

दारूच्या तक्रारी घेऊन ठाण्यात येणाऱ्या बायका मी हजारांनी पाहिल्या. 'पितो, मारतो, आत टाका त्याला,' हे त्यांचं म्हणणं. नवरा जाऊन वर्ष झाल्यावर 'तो पीत होता का' असं विचारायला आलेली ही पहिलीच.

तिने पुढे सांगितलं ते असं. तिचा सासरा दारूने मेलेला. म्हणून सासूने एकुलत्या मुलाला लहानपणीच विहारात उभं करून शपथ घ्यायला लावली होती. तो मुलगा मोठा झाला, पुण्यात आला, तरी दर रविवारी मांजरीच्या विहारात पंचशील म्हणायला जायचाच. "पाचवं शील दारूचं," ती म्हणाली. "ते म्हणताना मुद्दाम आवाज चढवायचे. सासूबाई मागे बायकांत बसलेल्या असायच्या ना, त्यांना ऐकू जावं म्हणून."

विमा कंपनीचं पत्र आलं ते इंग्रजीत. दारूमुळे दावा नाकारला, एवढंच पुतण्याने त्यातलं मराठीत सांगितलं, तेव्हा सासू तिथेच भाजी निवडत होती. तिने भाजी निवडून संपवली. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, मला गावाकडच्या गाडीत बसवून दे. निघताना मुलाचा फोटो तिच्या पिशवीत होता. तो तिने बाहेर काढला, कपाटावर ठेवला आणि गेली. दोन महिन्यांनी गावाकडेच वारली.

"मी नाही म्हणत होते त्यांना. आई, असं नसेल म्हणून. पण साहेब, खरं सांगू? मलाही मग झोप लागेना. त्यांच्या टूलच्या पिशवीचा वास घेऊन पाहिला मी. मेलेल्या माणसाच्या! पाण्याची बाटली उघडून पाहिली. शर्टाचे खिसे पाहिले. बारा वर्षं माझ्यापासून लपवून पीत असतील का, हेच डोक्यात." पुण्यात राहून तिची भाषा आमच्यासारखी झाली होती, पण इथे ती गावाकडे वळली. "मले सांगा साहेब, मी कोणाची बायको होती?"

मी ते पत्र हातात घेतलं. दोन पानं इंग्रजी. आता इथे माझा पहिला पराक्रम नोंदवतो. पोलीस अधिकारी कागद कसा वाचतो, तर वरचा विषय वाचतो आणि खालची सही बघतो. मधला मजकूर हाताखालच्यांनी वाचायचा असतो. मी विषय वाचला, सही बघितली, मान डोलावली आणि खुर्चीत सरसावून बसत म्हणालो, "ताई, ज्यानं हे लिहिलं त्याला मी सोडणार नाही."

हे मी शुद्धीवर असताना बोललो. ठाणे अंमलदार साक्षीला होता.

माझ्या डोक्यात लगेच मोठं प्रकरण शिजलं. रुग्णालय आणि विमा यांच्यामधल्या कुणीतरी चिरीमिरीसाठी कागद बदलला असणार, असे अजून कितीतरी असणार, मोठी टोळी असणार. वर्तमानपत्रातला मथळाही मी मनात लिहून ठेवला. फोटो कुठला द्यायचा हाही विचार झाला. त्यात भर म्हणून दोनच दिवसांत माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. हा रुग्णवाहिका चालवायचा.

"साहेब, त्या हॉस्पिटलात विम्याच्या टेबलावर एक पोरगा आहे. चष्मेवाला. तो कागद फिरवतो."

"नक्की?"

"अहो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

काय बघितलंय हे मी विचारलं नाही. पुढे कळलं की रुग्णवाहिका दारात आडवी लावण्यावरून त्या दोघांची रोज जुंपायची. खबऱ्याची खबर घेण्याआधी खबऱ्याचं दुखणं कुठे आहे ते बघावं, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. स्वतः मात्र त्या दिवशी रजेवर होतो म्हणायचं.

मी रुग्णालयाकडून केसपेपरच्या प्रती मागवल्या आणि रात्री घरी घेऊन बसलो. आणि मला धागा सापडला! तीन ठिकाणी, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत, इंग्रजीत एकच खूण: के, सी, ओ. मी डायरीत लिहिलं, 'के. सी. ओ. कोण? सर्व कागदांवर याची आद्याक्षरे. सूत्रधार?' खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी त्या चष्मेवाल्याला चौकशीला बोलावलं. तिशीचा, पेठेतला, शर्ट पँटीत खोचलेला. मी त्याला वीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, ही आमची जुनी पद्धत. माणूस बाकावर घामाघूम होतो आणि आत आल्यावर मऊ पडतो. हा बाकावर बसून भिंतीवरचा नागरिकांची सनद नावाचा फलक शेवटपर्यंत वाचून आला. तो फलक वाचलेला मी पाहिलेला हा पहिला नागरिक.

"कागद फिरवायचे किती घेतोस?" मी टेबलावर हात आपटला.

"अहो साहेब, मला पगारच वेळेवर मिळत नाही. आपण कशाबद्दल विचारताय ते सांगितलंत तर बरं होईल."

"कॅशलेस मंजूर झालं होतं ना या माणसाचं? पहिल्याच दिवशी? मग मेल्यावर नाकारलं कसं? मधे काय खाल्लंस?"

त्याने चष्मा पुसला. "ती पूर्वमंजुरी होती. पूर्वमंजुरी म्हणजे साखरपुडा, साहेब. लग्न नव्हे. प्राथमिक कागद बघून कंपनी म्हणते, उपचार सुरू करा. नंतर सगळे कागद तपासते आणि मोडूही शकते. यांच्या बाबतीत अपघात होता, म्हणून अंतिम मंजुरी पोलिसांच्या कागदांसाठी थांबवली. मग बाईंनी बिल स्वतः भरलं आणि नंतर कंपनीकडे मागितलं. त्याला रीइम्बर्समेंट म्हणतात. आधी आपण भरायचं, मग मागायचं."

"हे मला माहीत आहे," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या पॉलिसीबाबतसुद्धा मला इतकंच माहीत होतं, की ती कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. केसपेपर त्याच्यापुढे सरकवला, बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हा के. सी. ओ. कोण?"

तो कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग परत कागदाकडे.

"नोन केस ऑफ," तो म्हणाला.

"काय?"

"नोन केस ऑफ, साहेब. म्हणजे अमुक आजाराचा आधीपासूनचा माहितीतला रुग्ण. पुढे रक्तदाब लिहिलाय बघा. डॉक्टर मंडळी घाईत तेवढीच अक्षरं लिहितात. ते माणसाचं नाव नाही." आणि अगदी आदराने पुढे म्हणाला, "आपण त्यांना समन्स नाही ना काढलं?"

दारातला शिपाई खोकला. तो खोकला मला अजून ऐकू येतो.

"आणि हा रक्तदाबही अडचणीचा नव्हता," तो म्हणाला. "पॉलिसी घेतानाच त्यांनी फॉर्मात लिहून दिला होता. आधीपासूनचा आजार लपवला तर दावा जातो, सांगितला तर ठरलेली वर्षं थांबावं लागतं, मग तोही चालतो. हा माणूस प्रामाणिक होता. एवढा नीट भरलेला फॉर्म मी क्वचित बघतो."

"मग दारू कुणी घातली? तूच ना?"

इथे त्याचा आवाज बदलला. "साहेब, आपण आमचा एमएलसीचा कागद बघितलात? एमएलसी म्हणजे मेडिकोलीगल केस. अपघात, मारामारी, विषबाधा, जिथे पुढे पोलीस येणार तिथे डॉक्टर हा कागद आधी करतात आणि तुम्हाला वर्दी देतात. त्यात त्या दिवशीच्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलंय, श्वासाला मद्याचा वास नाही. शिवाय रक्ताचा नमुना काढून, सील करून तुमच्या हवालदारांच्या ताब्यात दिलाय. पोच आहे. आमच्या कागदात दारू कुठेच नाही, साहेब."

"मग कंपनीला स्वप्न पडलं?"

"कंपनीच्या पत्राचा दुसरा परिच्छेद वाचलात का आपण?"

त्याने खिशातून पेन काढलं, पत्रातली ओळ दाखवली आणि मराठी करून सांगितली. 'मयताच्या पत्नीने पोलिसांसमोर दिलेल्या जबाबानुसार मयतास दारूचे व्यसन होते व घटनेवेळी तो दारूच्या नशेत होता.'

"कुठलं पोलीस ठाणं?" मी विचारलं.

माझ्या डोक्यामागे भिंतीवर ठाण्याच्या नावाची पाटी होती, तिच्याकडे त्याने नुसतं पाहिलं.

त्याला मी चहा न पाजता सोडला. त्याची माफी पुढे मागितली. त्याने ती 'असू दे, असू दे' म्हणून घेतली आणि जाताना सांगितलं, "आपली पॉलिसी एकदा वाचा."

रेकॉर्डमधून त्या अकस्मात मृत्यूची फाइल काढवली. अपघातात दुसरा कुणी दोषी नसेल तर तो अकस्मात मृत्यू म्हणून नोंदतात. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जबाब, बारा-पंधरा कागदांचं ते प्रकरण. बाईचा जबाब संगणकावर टंकलेला, दीड पान. मी आयुष्यात प्रथमच आमच्या ठाण्याचा एखादा जबाब पहिल्या शब्दापासून वाचला. चौथ्या ओळीत होतं, 'माझे पती हे पेंटिंगचे काम करीत असत व त्यांना दारूचे व्यसन होते.' पुढे, 'घटनेवेळी ते दारूच्या नशेत होते.'

पेंटिंग? तो तर फिटर होता.

सगळ्यात शेवटी नेहमीचं वाक्य, जे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जबाबाच्या तळाला असतं: 'माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.' त्याखाली बाईची सही. आणि डाव्या बाजूला 'समक्ष' या शब्दाखाली, मोठ्या वळणदार अक्षरांत, तपास अधिकाऱ्याची सही.

माझी.

हवालदाराला बोलावलं. निवृत्तीला आलेला, कामाचा, कुणाच्या चहालाही मिंधा नसलेला माणूस. त्याने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, त्या दिवशी तीन अकस्मात मयत होते. आदल्या दिवशी एक पेंटर इमारतीवरून पडलेला, त्याचा जबाब संगणकात होता. तोच उघडला. नाव, गाव, तारीख, गाडी सगळं बदललं."

"आणि दारू?"

"ती राहिली."

आमच्याकडे काम असंच चालतं. निदान तेव्हा चालायचं. जबाब कोऱ्या पानावर सुरू होत नाही. आधीच्या मेलेल्या माणसाच्या कागदात पुढचा मेलेला माणूस बसवतात. बहुतेकांना तो बसतोही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

फाइल उलटत गेलो. शेवटच्या पानामागे टाचलेला रासायनिक विश्लेषणाचा अहवाल होता, तोच रक्ताचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून आलेला. आवक शिक्का सात महिन्यांपूर्वीचा. म्हणजे विमा कंपनीचं पत्र जायच्या आधीचा. सासू भाजी निवडत होती त्याच्या आधीचा. एकाच ओळीचा निष्कर्ष: 'नमुन्यात मद्यार्क आढळून आला नाही.' आमच्या माणसाने तो घेतला, शिक्का मारला, फाइलला लावला. पद्धतीप्रमाणे सगळं बरोबर. आपणहून कुणाला कळवावं असं पद्धतीत नव्हतं.

आणि मग मला तो दिवस आठवला. ती बाई समोर बसून चहा प्यायली तेव्हा मी तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी दुपारी ती याच टेबलापाशी उभी होती, तिचा भाऊ दंडाला धरून होता. जबाब झाल्याशिवाय शवविच्छेदन होत नाही आणि ते झाल्याशिवाय देह ताब्यात मिळत नाही. चार वाजून गेले तर डॉक्टर दुसऱ्या दिवशीवर टाकतील, मग रात्रभर हे लोक शवागाराच्या दारात बसतील, म्हणून मी घाई करत होतो. मला खरंच कणव आली होती. मी म्हणालो होतो, "ताई, वाचत बसू नका. इथं सही करा, लवकर मोकळ्या व्हाल."

तिला बोलावणं धाडलं. वाटलं होतं की अहवाल आधी दाखवावा, म्हणजे बाकीचं सौम्य होईल. हीही माझी चलाखीच. तिने अहवाल पाहिला, मी ओळ वाचून दाखवली. ती कितीतरी वेळ त्या कागदावर हात फिरवत राहिली, इस्त्री केल्यासारखा.

"नव्हते पीत," ती म्हणाली.

"नव्हते."

"मग लिहिलं कुणी?"

मी जबाब पुढे केला. पेंटरचं सांगितलं. संगणकाचं सांगितलं. माझी सही दाखवली. तिची नजर माझ्या सहीवर थांबलीच नाही, ती स्वतःच्या सहीवर थांबली.

"ही माझी सही आहे."

"हो, पण ताई, चूक आमची..."

"म्हणजे मीच लिहून दिलं? मी? त्यांच्या नावाची दारू मीच सही करून दिली?" ती उठून उभी राहिली. "आणि मी सासूमायच्या तोंडावर म्हणत होती, असं कोणी लिहिलं त्याच्या हाताला किडे पडो!"

त्या खोलीत मी, हवालदार आणि ती. बाहेर वायरलेसवर कुणीतरी वाहतुकीचा निरोप देत होतं. तीस वर्षांत मी लोकांना कबुलीजबाबाच्या वेळी रडताना पाहिलं होतं. कबूल मी करत होतो आणि रडत ती होती.

पुढची कारवाई सरळ होती. तिचा पुरवणी जबाब, हवालदाराचा जबाब, माझा जबाब, आणि वरिष्ठांमार्फत विमा कंपनीला व विमा लोकपालांकडे कसूर कबूल करणारं पत्र. लोकपाल म्हणजे विम्याचे तंटे कोर्टाबाहेर ऐकणारा अधिकारी, हे तोपर्यंत मी शिकलो होतो. अर्थात त्या चष्मेवाल्याकडूनच. पत्राचा मसुदाही त्यानेच नीट केला. 'सदर मजकूर अनवधानाने' असं मी लिहिलं होतं, त्यावर तो म्हणाला, "अनवधानानं काय, ते लिहा ना साहेब. बाईंनी हे सांगितलंच नव्हतं, असं लिहा." मी तसं लिहिलं.

तिचा पुरवणी जबाब एका नव्या महिला उपनिरीक्षकाने हाताने, कोऱ्या पानावर लिहिला. बाईने तो तीनदा वाचला. 'कामगार' खोडून 'फिटर' करायला लावलं. 'मयत' हा शब्द जिथे जिथे होता तिथे नाव घालायला सांगितलं. दीड तास लागला. नंतर माझा जबाब झाला. उपनिरीक्षकाने कागद पुढे केला, "सर, इथं," आणि मी खिशातून पेन काढून सही ठोकली.

समोरच्या बाकावरून आवाज आला. "वाचलं का, साहेब?"

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरोखर विचारत होती. मी कागद परत घेतला आणि वाचला. दोन ठिकाणी दुरुस्ती निघाली.

खात्याने मला कारणे दाखवा नोटीस दिली आणि सक्त ताकीद दिली. ती मी संपूर्ण वाचली. हवालदाराला वाचवता येईल तेवढं वाचवलं. आठ-नऊ महिन्यांनी लोकपालांसमोर निकाल बाईंच्या बाजूने लागला. ते सांगायला ती ठाण्यात आली, पेढे नव्हते, आणि मी ते अपेक्षितही धरले नव्हते. अहवालाची शिक्का मारलेली प्रत तिला हवी होती, गावाकडे न्यायला. सासूला जाऊन वर्ष होत होतं, पुण्यानुमोदनाला, म्हणजे वर्षाच्या विधीला, सगळी भावकी जमणार होती, तिथे ती वाचून दाखवणार होती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, मी येतो तुमच्याबरोबर. सगळ्यांसमोर मी स्वतः सांगतो की चूक माझी होती. माफी मागतो."

तिने प्रत घडी न घालता पिशवीत ठेवली. "माफी मागा साहेब, मी घेते. पण ती ज्यांना द्यायची होती त्या गेल्या." आणि पुढे म्हणाली, "गावात नका येऊ. पोलीस दारात आला की लोक म्हणतात, काहीतरी केलं असेल म्हणूनच आला. आता कुठं त्यांचं नाव धुतलं गेलंय."

मी दारापर्यंत सोडायला गेलो, तेवढंच.

निवृत्तीनंतर आता लोक माझ्याकडे पॉलिस्या घेऊन येतात. मी त्यांना काय वगळलंय ते पान आधी उघडायला लावतो. आजार लपवू नका सांगतो, एमएलसीचा कागद मागून घ्या सांगतो, रक्ताचा नमुना घेतला असेल तर त्याच्या अहवालासाठी ठाण्यात खेटे घाला सांगतो. हे सगळं उपयोगाचं आहे. पण या प्रकरणाने मला शिकवलं ते याहून साधं आणि जास्त टोचणारं आहे. दुःखातल्या माणसाला लवकर मोकळं करावं, ही माझी दया होती. त्या दयेपायी मी तिला स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध साक्षीदार केलं. दहा मिनिटं जास्त घेतली असती, तो कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला असता, तर देह उशिरा मिळाला असता, रात्रही कदाचित शवागाराच्या दारात गेली असती. पण एक म्हातारी जाताना मुलाचा फोटो बरोबर घेऊन गेली असती.